पदवीनंतर परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय? आधी पासपोर्ट आणि मार्कलिस्ट समोर ठेवा

शेवटच्या वर्षाचे सबमिशन चालू असताना कधीतरी रात्री मोबाइलवर परदेशातल्या इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्या शोधल्या, की समुद्रकिनारे, हसरी मुलं आणि ‘कोणतीही पदवी चालेल’ अशी वाक्यं समोर येतात. यातलं बरंचसं अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्ट असलेल्यांसाठी लिहिलेलं असतं, पण तसं कुठे सांगितलेलं नसतं. नाशिक, लातूर किंवा फोंड्याहून निघणाऱ्या पदवीधराचा रस्ता वेगळा आहे. जरा लांबचा आहे, पण आहे. तो कसा चालायचा, ते पुढे सांगतो.

१. देश आवडीने निवडू नका, कागदांनी निवडा

कोरियन मालिका बघून सोलला जावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण दक्षिण कोरियाचा ई-२ हा भाषाशिक्षकांचा व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी भारतीय पासपोर्ट या यादीत बसत नाही. एक फट आहे. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात भारतीयांना शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची वाट ठेवलेली आहे, पण पदवीसोबत शिक्षकाची अधिकृत पात्रता लागते. म्हणजे आपल्याकडे बी.एड. हवं. नुसत्या बी.ए.वर तिकडे अर्ज करत बसू नका. चीनमध्येही इंग्रजी शिक्षकाच्या परवान्यासाठी इंग्रजीभाषक देशाचं नागरिकत्व किंवा तिथली पदवी बघतात आणि सहसा दोन वर्षांचा अनुभव मागतात. हे अन्यायाचं आहे यात शंका नाही, पण व्हिसाच्या खिडकीवर वाद घालून कोणाचं काम झालेलं ऐकलं नाही.

जपानचा नियम वेगळा आहे आणि महाराष्ट्रातल्या मुलांनी तो नीट वाचावा असा आहे. सरकारी शाळांत शिकवण्यासाठी जो ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसा लागतो, त्यात पासपोर्टचा रंग बघत नाहीत. तुम्ही इंग्रजी माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण घेतलंय का, ते बघतात. आता हिशेब करा. पहिलीपासून इंग्रजी माध्यम असेल तर प्रश्नच नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावी-बारावी सायन्स आणि चार वर्षं इंजिनिअरिंग, हे धरून सहा वर्षं होतात. पाचवीपासून किंवा आठवीपासून सेमी-इंग्रजी असेल, तर गणित आणि विज्ञान इंग्रजीत होतं एवढ्यावर ती वर्षं मोजली जातील असं धरून चालू नका. तिथल्या खासगी संभाषण-वर्गांचा व्हिसा निराळा आहे. त्यात पदवीवर काम भागू शकतं, पण बरेच चालक स्वतःहून बारा वर्षांची अट घालतात. इंग्रजी माध्यमातल्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ‘शिक्षणाचे माध्यम इंग्रजी’ असं लेटरहेडवरचं पत्र आत्ताच घेऊन ठेवावं.

नव्या पदवीधराला सर्वांत मोकळा देश मला व्हिएतनाम वाटतो. कोणत्याही शाखेची पदवी, इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी यांवर भाषाकेंद्रात काम करण्याचा परवाना मिळू शकतो (आपल्यासारख्यांकडून इंग्रजीच्या पातळीचं प्रमाणपत्रही मागू शकतात), आणि मराठी माध्यमातून आलात हे कोणी विचारत नाही. परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. भाषाकेंद्रांचं काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतं, त्यामुळे सुट्टीत फिरण्याची स्वप्नं जरा आवरा. जाहिरातीत ‘फक्त नेटिव्ह’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत, असं तिथेही भेटेल आणि पगारात फरकही करतात. थायलंडमध्ये नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि तिथल्या शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी अशी तिहेरी माळ आहे, शिवाय आपल्यासारख्यांकडून टोइक किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल मागतात. थाई शाळा मे महिन्याच्या मध्याला सुरू होतात आणि दुसरं सत्र नोव्हेंबरात, म्हणून भरती मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबरात जोरात असते.

आखाती देशांचं गणित सरळ आहे: बी.एड. आणि अनुभव. दुबई, मस्कत, दोहा इथे सीबीएसई अभ्यासक्रमाच्या भारतीय शाळा मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना भारतातूनच शिक्षक हवे असतात. मालदीवमध्येही भारतीय शिक्षकांची परंपरा जुनी आहे. शिकवणं हेच आयुष्यभराचं काम करायचं ठरलं असेल, तर दोन वर्षं बी.एड.ला देऊन मग निघणं हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे, जरी त्यात झगमगाट कमी असला तरी.

आणि एक वाट फार कमी जणांना माहीत असते. अकरावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेऊन मार्कांपुरती शिकलेली मुलं पुण्या-मुंबईत पैशाला पासरी आहेत. त्यांनी ती भाषा पुढे बी-१ या मधल्या पातळीपर्यंत नेली, तर फ्रान्सच्या सरकारी शाळांत इंग्रजीचे भाषा-सहायक म्हणून जाता येतं. ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, आठवड्याला १२ तास, आणि हातात महिन्याला साधारण आठशे युरो. अर्ज भारतातल्या फ्रेंच दूतावासाच्या यंत्रणेमार्फत होतो. एवढ्या पैशात पॅरिसमध्ये खोली घेऊन राहणं अवघड. पण लहान गावात मिळाली शाळा तर काटकसरीने भागतं. वर्गात मुख्य शिक्षक असतोच, त्यामुळे कोऱ्या पाटीच्या नवशिक्याला इतकी सुरक्षित सुरुवात दुसरीकडे मिळणं कठीण. अट एवढीच की तयारी दुसऱ्या वर्षातच सुरू व्हायला हवी.

२. इंग्रजी येतं म्हणजे शिकवता येतं असं नाही

आपण शाळेत इंग्रजी कसं शिकलो ते आठवा. बाईंनी एक ओळ वाचली, मराठीत अर्थ सांगितला, अवघड शब्द फळ्यावर लिहिले, मग खालच्या प्रश्नांची उत्तरं उतरवून घेतली. हनोईच्या वर्गात ही पद्धत पहिल्याच मिनिटाला कोसळते, कारण तुम्हाला व्हिएतनामी येत नाही आणि त्यांना मराठी. अर्थ सांगण्याची सोयच नाही. तो दाखवावा लागतो: चित्रांनी, हावभावांनी, फळ्यावरच्या रेषांनी, उदाहरणांनी.

एक साधं वाक्य घ्या: ‘आय यूज्ड टु लिव्ह इन सातारा.’ याचा अर्थ भाषांतराशिवाय वर्गाच्या गळी कसा उतरवाल? फळ्यावर काळाची एक आडवी रेघ काढायची. डाव्या बाजूला सातारा आणि एक घर, उजव्या बाजूला ‘आता’ आणि दुसरं शहर. वाक्य म्हणायचं. मग ‘समजलं का?’ असं चुकूनही विचारायचं नाही, कारण जगातला प्रत्येक वर्ग त्यावर मान डोलावतो. त्याऐवजी सोप्या इंग्रजीत तीन प्रश्न: मी आता साताऱ्यात राहते का? पूर्वी राहत होते का? एकच दिवस, की बराच काळ? तिन्हींची उत्तरं बरोबर आली, तरच समजलं. हे असे प्रश्न आधी घरी बसून लिहून काढायचा सराव करा. रोज व्याकरणातला एक मुद्दा घ्या: ‘आय हॅव लॉस्ट माय की’ आणि ‘आय लॉस्ट माय की’ यांतला फरक, ‘मस्ट’ आणि ‘हॅव टु’, ‘सम’ आणि ‘एनी’. नियम पाठ असणं वेगळं आणि तो दोन-तीन प्रश्नांत उलगडून दाखवणं वेगळं, हे दोन दिवसांत कळेल.

सूचना देणं हाही स्वतंत्र धडा आहे. आपण ‘आता तुम्ही सगळ्यांनी असं करायचं आहे की...’ अशी लांबलचक सुरुवात करतो. परक्या भाषेच्या वर्गात सूचना चार-पाच शब्दांची हवी, एका मुलाला पुढे बोलावून करून दाखवायची, आणि कागद वाटण्याआधी द्यायची. कागद हातात पडल्यावर तुमच्याकडे कोणी बघत नाही.

आता स्वतःच्या इंग्रजीकडे. अमेरिकन उच्चार ओढूनताणून आणू नका, दहा मिनिटांत तो गळून पडतो आणि हसू होतं. पण काही गोष्टी खरोखर सुधारायला हव्यात. मराठी माणसाला व्ही आणि डब्ल्यू वेगळे म्हणायची सवय नसते. पश्चिम दिशा आणि अंगातली बनियन, दोन्ही आपण ‘वेस्ट’ म्हणतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात. आरशासमोर आठवडाभर केलं की जमतं. शब्दातला आघात त्याहून महत्त्वाचा. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो. आपण सगळे अवयव एका वजनाने म्हणतो आणि परदेशी कानाला तेच कळत नाही. ‘आय पास्ड आउट इन मे’ असं मुलाखतीत म्हणालात तर समोरच्याला वाटेल तुम्हाला चक्कर आली होती. ‘डू द नीडफुल’ आणि ‘व्हॉट इज युवर गुड नेम’ हेही इथेच ठेवून जा.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे आणि ती मुलाखतीत जरूर सांगा. मराठीत ‘ए’ आणि ‘द’सारखी उपपदं नाहीत. थाई आणि जपानी भाषांतही नाहीत. ती कधी लावायची हे तुम्ही स्वतः चुकत-चुकत शिकला आहात, म्हणून विद्यार्थी कुठे अडखळणार ते तुम्हाला आधीच दिसतं. लंडनमध्ये वाढलेल्या शिक्षकाला बरोबर काय ते चटकन सांगता येतं, पण का ते सांगताना अनेकदा घाम फुटतो.

सराव कुठे करायचा? जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटून आठवड्याचा एक तास मागा, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. एकही शब्द मराठी न बोलता तो तास घ्यायचा, हा नियम स्वतःला घाला. फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि ऐका: तासातला किती वेळ तुम्ही बोलत होता आणि किती वेळ मुलं? पहिल्यांदा ऐकताना लाज वाटेल, वाटू द्या. घाई नसेल तर ‘टीच फॉर इंडिया’ची दोन वर्षांची पूर्णवेळ फेलोशिप बघा. २००९ मध्ये ती मुंबई-पुण्यातच सुरू झाली. त्यात मानधन मिळतं आणि दोन वर्षं रोज वर्गासमोर उभं राहावं लागतं. बायोडाटावर याचं वजन कोणत्याही ऑनलाइन कोर्सपेक्षा जास्त आहे.

३. प्रमाणपत्र कोणतं घ्यायचं

ऑनलाइन टेफल, म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सेसचा सुळसुळाट आहे. किमान १२० तासांचा असेल तरच विचार करा, कारण नोकरी देणारे हाच आकडा बघतात. काही हजारांत होतो आणि कागदी अट पूर्ण करतो, पण बहुतेक कोर्सेसमध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर एकदाही उभं राहावं लागत नाही. म्हणून वरचा शाळेतला सराव सोबत हवाच.

केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटीचा सर्टटेसोल ही वरच्या दर्जाची प्रमाणपत्रं. दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावं लागतं आणि मागे बसलेला प्रशिक्षक गुण देतो. सेल्टा पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवड्यांत होतो, आणि त्या काळात झोप सोडून दुसरं काही शिल्लक राहत नाही, कधीकधी तीही नाही. खर्च लाखाच्या घरात किंवा वर जातो. फक्त एक वर्ष हौस म्हणून जायचं असेल तर हा खर्च मी करणार नाही. चार-पाच वर्षं या क्षेत्रात काढायची असतील तर उसने घेऊनही करेन. हैदराबादच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठाचे इंग्रजी-अध्यापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रमही भारतात मान्यताप्राप्त आणि स्वस्त आहेत. आखातात मात्र सेल्टा बी.एड.ची जागा घेत नाही, हे लक्षात असू द्या.

आयईएलटीएस आणि टोइकचे निकाल दोन वर्षंच चालतात. हौसेने दुसऱ्या वर्षाला परीक्षा देऊन ठेवू नका.

४. कागदपत्रं: इथेच महिने जातात

आपल्या नावाची भानगड आधी सोडवा. दहावीच्या मार्कलिस्टवर ‘पाटील स्नेहल सुरेश’ असं आडनावापासून लिहिलेलं असतं, आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव ‘पाटील’, नाव ‘स्नेहल सुरेश’. पदवीवर कधी तिसराच क्रम. परदेशातला कारकून हे तीन वेगळे लोक समजू शकतो, त्यातून एखाद्या ठिकाणी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त असला की संपलंच. सगळे कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून अक्षरन्‌अक्षर तपासा. चूक बोर्डाच्या किंवा विद्यापीठाच्या कागदावर असेल तर ती तिथेच दुरुस्त करून घ्या. केवळ क्रमाचा फरक असेल तर ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा.

पदवी प्रमाणपत्रासाठी निकाल लागताच अर्ज करा. कॉलेजचं पासिंग सर्टिफिकेट वर्क परमिटला बहुधा चालत नाही. पदवीदानातलं मूळ प्रमाणपत्रच लागतं आणि ते हातात यायला कित्येक महिने लागू शकतात.

मग प्रमाणीकरण. भारत २००५ पासून हेग ॲपोस्टिल कराराचा सदस्य आहे; ॲपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा सरकारी शिक्का. पदवीवर आधी राज्य शासनाच्या शिक्षण विभागाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टिल, असा क्रम असतो; काही वेळा त्याआधी विद्यापीठाकडून पडताळणीही लागते. मंत्रालयाचं शुल्क प्रतिकागद अवघं ५० रुपये आहे, बाकीचे पैसे नेमलेल्या एजन्सीचे आणि धावपळीचे. ई-सनद पोर्टलवरून ऑनलाइनही करता येतं, मात्र तुमची संस्था त्यावर नोंदलेली हवी. जायचा देश हेग करारात नसेल, संयुक्त अरब अमिरातीसारखा, तर ॲपोस्टिलऐवजी मंत्रालयाचं साधं प्रमाणीकरण आणि त्यावर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का. ही यादी बदलत असते. सौदी अरेबिया २०२२ मध्ये आणि चीन २०२३ मध्ये करारात आले. म्हणून एजंटच्या तोंडी माहितीवर न जाता दूतावासाचं ताजं पान बघा.

पोलिस क्लिअरन्स दोन प्रकारचा मिळतो. स्थानिक पोलिसांचा दाखला इथल्या नोकऱ्यांसाठी ठीक आहे. परदेशासाठी पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करून घेतलेला पीसीसी लागतो. शुल्क ५०० रुपये. बऱ्याच ठिकाणी तो सहा महिन्यांच्या आतला मागतात, म्हणून हे काम सर्वांत शेवटी. पदवी सर्वांत आधी, पीसीसी सर्वांत शेवटी, एवढा क्रम पाळला तरी बरीच पायपीट वाचते.

५. अर्ज, डेमो आणि करार

बायोडाटा एक पानाचा. ‘फादर्स नेम’, जात, वैवाहिक स्थिती आणि ‘आय हिअरबाय डिक्लेअर’ हे सगळं काढून टाका. पहिल्या चार ओळींत पदवी, प्रमाणपत्र, किती तास कोणत्या वयाच्या मुलांना शिकवलं आणि कधीपासून येऊ शकता, एवढं दिसलं पाहिजे. सोबत दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ: खिडकीसमोर उभे राहा, मागे पंख्याचा आवाज नको, पाठ केल्यासारखं बोलू नका. पासपोर्ट बघून बाजूला ठेवलेला अर्ज असा व्हिडिओ पुन्हा वर आणू शकतो.

डेमो लेसन बहुधा दहा-पंधरा मिनिटांचा असतो आणि समोर कॅमेऱ्यापलीकडे मोठी माणसं लहान मुलं झाल्याचं नाटक करतात. एकच छोटं उद्दिष्ट ठेवा, समजा पाच प्राणी आणि ‘कॅन’. ‘अ फिश कॅन स्विम. कॅन अ डॉग फ्लाय?’ दाखवा, म्हणवून घ्या, खेळ घ्या, संपवा. जास्त शिकवायला गेलात की डेमो हातचा गेलाच.

करारात सहा गोष्टी शोधा: आठवड्याला शिकवण्याचे तास किती आणि ऑफिसात बसण्याचे किती, पगार सुट्ट्यांतही आहे का, कारण व्हिएतनाममध्ये तेत या चांद्र नववर्षाच्या सणाला केंद्रं बंद राहतात आणि तासावर पगार असेल तर तो महिना कोरडा जातो, राहण्याची सोय, वर्क परमिटचा खर्च कोणाचा, मधेच सोडल्यास दंड किती, आणि मूळ पदवी किंवा पासपोर्ट ताब्यात ठेवण्याचं कलम तर नाही ना. शेवटचं असेल तर सही करू नका. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू’ म्हणणाऱ्याला थेट नाही म्हणा. पकडले गेल्यावर दंड भरायला आणि हद्दपार व्हायला तुम्ही असता, संस्था नसते.

एजंटचं म्हणाल तर, परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालचा परवाना लागतो आणि तो ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. परवानाधारक एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. दोन लाख मागणाऱ्याला हे वाक्य ऐकवून बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता: थायलंडमध्ये आयटी आणि डिजिटल मार्केटिंगची नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना सीमा ओलांडून म्यानमारमध्ये डांबून सायबर फसवणुकीच्या कामाला लावलं गेलं. शिक्षकाच्या नोकरीचं आमिषही तसंच दाखवता येतं. शाळेचा पत्ता नकाशावर शोधा, तिथे सध्या शिकवणाऱ्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला. शाळा असा कॉल करून द्यायला टाळाटाळ करत असेल, तर पुढे जाऊ नका.

६. निघण्याआधीचं किरकोळ

दोन-तीन महिन्यांचा खर्च गाठीशी हवा. पहिला पगार यायला वेळ लागतो. बँकेत जाऊन बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात, बदलण्याचं विचारून घ्या, अनिवासी झाल्यावर साधं खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. परराष्ट्र मंत्रालयाचं, परदेशात अडचणीत आलेल्या भारतीयांसाठीचं ‘मदद’ पोर्टल लक्षात ठेवा आणि पोचल्यावर भारतीय दूतावासात नोंदणी करा. सगळ्या कागदांच्या स्कॅन प्रती घरच्या कोणाकडे तरी असू द्या.

शाकाहारी असाल तर व्हिएतनामला ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ करून जा. पाटी ‘चाय’ची असली तरी आत चहा नसतो, शाकाहारी जेवण असतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध घरांत असंच जेवतात, त्या दिवशी पर्याय भरपूर. एरवी भाजीतही न्युओक माम हा माशांचा सॉस पडलेला असू शकतो, तेव्हा ऑर्डर देण्याआधी विचारा.